बार्सिलोनाची सायकल टूर: गॉथिक वस्ती वेगळी, एशांप्ला वेगळं

बार्सिलोनाला जाऊन आलेल्यांच्या फोटोंखाली एक ओळ सारखी दिसते: 'जुन्या शहरातून सायकल सफर'. फोटो मात्र कासा बात्योचा, नाहीतर साग्रादा फामिलियाचा. या दोन्ही इमारती जुन्या शहरात नाहीतच, त्या आहेत एशांप्ला या तटाबाहेरच्या नव्या भागात. जुन्या शहराचा गाभा म्हणजे गॉथिक वस्ती. फोटोपुरता हा घोळ चालून जाईल, पण टूरचं बुकिंगही याच समजुतीवर होतं आणि लोक नको ती टूर घेऊन बसतात. एकाला या दोन्ही इमारतींचा वास्तुकार गौदी हवा असतो आणि तो अरुंद गल्ल्यांत अडकतो. दुसऱ्याला मध्ययुगीन शहर हवं असतं आणि त्याच्या वाट्याला सिग्नल लागलेले सरळसोट रस्ते येतात.

एशांप्ला हा भाग तुम्हाला फोटोंमधून पाठ असतो, त्यामुळे थोडक्यात सांगते. पसेच दे ग्रासिया हा त्याचा मुख्य रस्ता. गौदीच्या कासा बात्यो आणि कासा मिला याच रस्त्यावर आहेत, दोन्ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या. साग्रादा फामिलियाचं काम 1882 मध्ये सुरू झालं, पुढच्याच वर्षी ते गौदीकडे आलं आणि 1926 मध्ये ट्रामच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला तेव्हाही ते अपुरंच होतं.

खरी गफलत होते ती दोन भागांमधल्या सीमेवर. ही सीमा म्हणजे तटबंदी. ती आज दिसत नाही, म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही.

1714 मध्ये स्पेनच्या बूर्बों घराण्यातल्या राजाच्या सैन्याने बार्सिलोना जिंकलं. त्यानंतर शहरावर धाक ठेवायला सिउतादेयाचा किल्ला उभा राहिला आणि तटाबाहेर तोफेच्या टप्प्यात येणाऱ्या जमिनीवर बांधकामाला बंदी आली. शहराला बाहेर पसरायला जागाच उरली नाही. कारखाने आले, कामगार आले, सगळं तटाच्या आतच. घरांवर मजले चढले, मागची अंगणं बुजली, गल्ल्यांत ऊन पोचेना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दीड लाखाहून जास्त माणसं एवढ्याशा जागेत कोंबलेली होती आणि कॉलऱ्याच्या साथी पुन्हा पुन्हा येत होत्या. अखेर 1854 मध्ये तट पाडायची परवानगी मिळाली.

मग मोकळ्या पठारावर काय उभारायचं? पालिकेने स्पर्धा घेऊन दुसऱ्याच वास्तुकाराला निवडलं होतं, पण माद्रिद सरकारने इल्देफोन्स सर्दा या अभियंत्याचा आराखडा लादला. सर्दाने कामगारांच्या घरांचा बारकाईने अभ्यास केला होता. त्याचे रस्ते निदान 20 मीटर रुंद, इमारतींचे चौकोनी ठोकळे सुमारे 113 मीटर बाजूचे आणि प्रत्येक ठोकळ्याचे कोपरे तिरपे छाटलेले, म्हणजे वळणाऱ्या वाहनाला जागा मिळावी आणि समोरचं दिसावं. ठोकळ्यांच्या आत बागा राहाव्यात अशी त्याची इच्छा होती. बिल्डरांनी त्या बहुतेक गिळल्या, आणि मला ते आजही खुपतं.

म्हणजे एशांप्ला हे त्या कोंदट शहरावरचं उत्तर आहे. त्यालाच 'जुनं शहर' म्हटलं की त्या उत्तरामागचा प्रश्नच पुसला जातो. सायकलवर असताना ही सीमा ओळखायला सोपी आहे. सांत पेरे, सांत आंतोनी अशा नावांचे 'रोंदा' रस्ते साधारण जुन्या तटाच्या रेषेवरून जातात. रोंदा ओलांडून समुद्राकडे आलात की तुम्ही आत, डोंगराकडे गेलात की बाहेर. प्लासा कातालुन्या हा दोन्हींमधला सांधा.

'गॉथिक दिसतं म्हणजे मध्ययुगीन' ही माझी दुसरी तक्रार. गॉथिक वस्तीतल्या कॅथेड्रलचं बांधकाम 1298 मध्ये सुरू झालं हे खरं, पण ज्या दर्शनी भागासमोर सगळे फोटो काढतात तो 1887 नंतरचा आहे. म्हणजे साग्रादा फामिलियाचा पाया त्याच्याआधी घातला गेला! बिस्बे गल्लीवरचा नक्षीदार पूल तर 1928 चा. अस्सल कातालान गॉथिक पाहायचं तर सायकल जुन्या शहरातल्याच बोर्न भागाकडे वळवा आणि सांता मारिया देल मार पाहा. 1329 मध्ये सुरू होऊन जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांत पुरं झालेलं हे चर्च, त्यामुळे आतून एकसंध. मला ते कॅथेड्रलपेक्षा कितीतरी जास्त आवडतं. आणि कृपा करून साग्रादा फामिलियाला कॅथेड्रल म्हणू नका. आर्चबिशपचं पीठ गॉथिक वस्तीतल्या कॅथेड्रलमध्ये आहे. साग्रादा फामिलियाला 2010 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी बॅसिलिकाचा दर्जा दिला.

गौदी तटाबाहेरच भेटतो, याला अपवाद लक्षात ठेवा: गौदीचा पालाउ ग्वेल तटाच्या आत, रावाल भागात आहे. गॉथिक वस्तीतल्या प्लासा रेआल चौकातले दिव्यांचे खांबही त्याचेच, अगदी सुरुवातीच्या काळातले.

आता टूर कुठली घ्यायची? गॉथिक वस्तीत सायकल फक्त एका थांब्यावरून दुसऱ्यावर न्यायला असते. गर्दीत उतरून ढकलतच जावं लागतं, आणि ढकलावीच. तिथे माणसं राहतात. इथे पैसे खरे गाइडचे असतात, म्हणून गट लहान आहे का ते आधी विचारा. एशांप्लात मात्र सायकल खरोखर चालवायला मिळते: आखलेल्या मार्गिका आहेत, आणि कोन्सेल दे सेंतसारख्या रस्त्याचा मोठा भाग 2023 पासून मुख्यतः चालणाऱ्यांचा झाला आहे. दोन गोष्टी सांभाळा. वाहतूक उजवीकडून असते, म्हणून वळताना आपली सवय घात करते. आणि शहर डोंगराकडून समुद्राकडे उतरतं, त्यामुळे डोंगराच्या बाजूच्या ग्रासिया वस्तीकडे जाताना चढ लागतो. गौदीचा पार्क ग्वेल तर आणखी चढावर, तो साध्या सायकलच्या टूरमध्ये असेल तर दुसरी टूर बघा.

रस्त्यावरच्या लाल-पांढऱ्या 'बिसिंग' या शहराच्या सार्वजनिक सायकली पर्यटकांसाठी नाहीत, त्यांच्या नादी लागू नका.

बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा: मार्ग रोंदा ओलांडतो का? ओलांडत असेल तर कुठल्या बाजूला किती वेळ देतात, तेही विचारून घ्या. एकाच अर्ध्या दिवसात दोन्ही बाजू दाखवणारी टूर मी घेणार नाही. वेळ कमी असेल तर गॉथिक वस्ती सकाळी लवकर पायी पाहा आणि सायकलचे पैसे एशांप्लासाठी ठेवा.