कॅनॉलचा रस्ता आणि पांदण: गंगाथडीत सायकल कुठून घालायची

परभणी जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी पाथरी-मानवतच्या बाजूला डांबरी रस्ता सोडून आत शिरलं की मातीच्या दोन वाटा वारंवार भेटतात. दोन्हींवर गाड्या नसतात. दोन्हीकडे चाकोऱ्या उमटलेल्या असतात, कडेला बाभळी असतात. नवा सायकलवाला दोघींनाही ‘कच्चा रस्ता’ म्हणतो, मोबाईलवर पुढचं गाव बघतो आणि समोर येईल त्या वाटेने निघतो. अर्ध्या तासाने एक जण मजेत पंधरा किलोमीटरचा विचार करत असतो, तर दुसरा तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून पुढे वाट कुठे गेली ते शोधत असतो. पहिला कॅनॉलच्या रस्त्यावर होता, दुसरा पांदणीत शिरला होता.

फरक कळायला या वाटा कशासाठी झाल्या ते बघावं लागतं. कॅनॉलचा रस्ता पाण्याच्या सोबतीला केलेला आहे. पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे आपल्या नाथसागरातून, दोन कालवे निघतात. डावा कालवा २०८ किलोमीटरचा. तो जालना जिल्ह्यातून परभणीकडे येतो. उजवा १३२ किलोमीटरचा, बीडकडे जाऊन माजलगावच्या जलाशयाला मिळणारा. डावं-उजवं ठरवताना नदीच्या वाहत्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, हे एकदा ध्यानात घेतलं की पुन्हा गोंधळ होत नाही. एवढ्या लांब कालव्याची पाहणी करायची, फुटला तर मुरूम आणून टाकायचा, गेट चालवायला माणूस पोचवायचा, तर कडेने रस्ता हवाच. म्हणून कालव्याच्या भरावावर हा सेवा रस्ता ठेवलेला असतो.

पांदण मात्र शेताची वाट. गावातून निघायचं, बैलगाडी रानात न्यायची, माल घेऊन परत यायचं, एवढंच तिचं काम. ती पुढच्या गावाला जोडण्यासाठी काढलेलीच नव्हती. काही पांदणी शिवेवरच्या शिवरस्त्याला मिळतात आणि तिथून पुढे जाता येतं, पण बऱ्याच शेवटच्या शेतापाशी थांबतात. वाट संपली म्हणून चुकल्यासारखं वाटून घेऊ नका. ती जिथे पोचायची तिथे पोचलेली असते.

एकीच्या बाजूने नदीखोऱ्याची लांबी मोजायची आणि दुसरीने त्याची रुंदी, हे मला फार उशिरा उमगलं. कॅनॉल खोऱ्याला समांतर धावतो, पांदणी बहुतेक त्याला आडव्या जातात. पन्नास किलोमीटर पुढे जायचं असेल तर कॅनॉल, आणि खाली गंगेच्या पात्रापर्यंत उतरायचं असेल तर पांदण. (आमच्याकडे गोदावरी म्हणायची ती भूगोलाच्या पुस्तकात. बोलताना ती गंगाच, आणि तिच्या काठचा मुलूख गंगाथडी.)

युरोपातल्या डॅन्यूब नदीकाठचे फोटो आपल्याकडचे सायकलवाले एकमेकांना पाठवतात आणि विचारतात, आपल्या गंगेला असा रस्ता का नाही? जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंतचा तो सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचा मार्ग बऱ्याच ठिकाणी जुन्या घोडवाटेवरून जातो. प्रवाहाविरुद्ध नावा ओढणारे घोडे काठाने चालत, ती वाट पुढे सायकलींना मिळाली. आपल्या नदीची गोष्ट निराळी. इथे काठ गाळाचे, उंच, जागोजागी तुटलेले. दर थोड्या अंतराने ओढा किंवा नाला येऊन मिळतो आणि काठ फोडून जातो. नाव ओढत नेणारी सलग वाट इथे पडली नाही. त्यामुळे गंगाथडीतला सलग, जवळपास गाडीमुक्त रस्ता नदीच्या अंगाला सापडत नाही. तो काही किलोमीटर वर, कालव्याच्या भरावावर सापडतो.

आणि कॅनॉलचा खरा आनंद तिथेच आहे. कालवा सपाटीच्या रेषेवर काढलेला असतो. पाण्याला फक्त वाहायला लागेल एवढाच उतार देतात. मोठ्या कालव्यांना तो किलोमीटरमागे जेमतेम वीतभर असतो. म्हणजे सायकलवाल्याला चढ असा नाहीच. माळ आला की कालवा वळसा घालतो, घळ आली की आत शिरून बाहेर येतो, आणि आपण त्याच्यासोबत वळत राहतो. डाव्या कालव्याने पाण्याच्या दिशेने निघालात तर उजव्या हाताला खाली ओलीत: ऊस, केळी, हिरवा गहू. डाव्या हाताला वर कोरडवाहू: कापूस, तूर, ज्वारी. कालव्याचं पाणी खालच्याच बाजूला उतरतं, म्हणून एका भरावावर बसून दोन वेगवेगळे मराठवाडे दिसतात. वर कुणी मोटार लावून पाणी चढवलेलं असतं, तरी फरक डोळ्यांना कळतोच. माघातल्या सकाळी उसावर धुकं आणि पलीकडे पिवळा पडत चाललेला ज्वारीचा पट्टा, हे बघायला मी दरवर्षी एकदा तरी जातोच.

पांदणीत हे दृश्य मिळत नाही, कारण ती खाली दबलेली असते. वर्षानुवर्षं गाडीची चाकं आणि पावसाचं पाणी यांनी ती खोल केलेली असते, दोन्ही बाजूंनी बोरी-बाभळींच्या भिंती. दूरचं काही दिसत नाही, जवळचं सगळं दिसतं: सुगरणीचे खोपे, मुंग्यांची वारुळं, कुंपणाला अडकलेला कापूस. पण पांदण काळ्या मातीची असते. पाऊस पडून गेला की ती माती चाक आणि चिमट्याच्या मध्ये अशी भरते की सायकल उचलून न्यावी लागते, आणि भरलेल्या मातीसकट ती उचलवतही नाही. ओली पांदण वाळायला उघडीप मिळून आठ-दहा दिवस तरी जाऊ द्यावेत. कॅनॉलच्या भरावावर मुरूम असेल तर दुसऱ्या दिवशीही चालतं. उलट उन्हाळ्यात पांदणीची माती भेगाळते आणि त्यात बारीक टायर अडकतो. कॅनॉलला चाळीस मिलिमीटरचे टायर पुरतात. पांदणीत त्याहून जाड घ्या, आणि ताशी आठ किलोमीटरच्या वर अपेक्षा ठेवू नका.

नकाशात ओळखायचं कसं, हे मला सगळ्यात जास्त विचारतात. उपग्रहाच्या चित्रात कॅनॉलची रेघ नागमोडी असते, तुटत नाही, आणि तिच्या एका अंगाला हिरवं दाट असतं. पांदण धुऱ्याधुऱ्याने जाते, म्हणून ती काटकोनात वळते आणि कुठेतरी विरून जाते. तलाठ्याकडच्या गाव नकाशात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेला असतो. तेवढी खूण लक्षात ठेवलीत तर कोणत्या वाटेवर सायकल हाताने ढकलावी लागेल याचा अंदाज घरीच येतो.

मालकी हा दुसरा महत्त्वाचा भेद, आणि यावर आपण सायकलवाले पुरेसं बोलत नाही. कॅनॉलचा रस्ता जलसंपदा खात्याचा आहे, सार्वजनिक रस्ता नाही. खात्याने आडवा खांब टाकला तर तो ओलांडायचा नाही. गटाने जाणार असाल तर जवळच्या पाटबंधारे शाखेत आधी विचारा. पांदण गावाची असते, वहिवाटीची असते. कुणी ती अडवली तर तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतात. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा त्यासाठीच अजून वापरात आहे. म्हणून पांदणीवर कुंपण दिसलं तर ते भांडण गावातल्या दोन घरांचं असतं. आपण त्यात पडायचं नाही, मागे फिरायचं.

आणि कॅनॉलचा धोका पांदणीला नाही. अस्तर केलेल्या कालव्याची बाजू गुळगुळीत आणि उतरती असते, पाण्याखाली शेवाळ धरते. पाण्याची पाळी सुरू असताना, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडलेलं असताना, धार ओढीची असते. त्यात पडलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही. हातपाय धुवायला, बाटली भरायला कालव्यात उतरू नका, लहान मुलांना तर कडेने चालूच देऊ नका. भरावाला कठडा नसतो, म्हणून अंधार पडायच्या आत डांबरीवर यायचं. मी गटाला घेऊन जातो तेव्हा ही एकच गोष्ट कडक आवाजात सांगतो.

काटे दोन्हीकडे आहेत. कॅनॉलवर वेडी बाभूळ, पांदणीत कुंपणाच्या फांद्या. दोन ट्यूब, चिकटवायच्या पट्ट्या आणि पंप यांच्याशिवाय निघू नये. कॅनॉलवर अधूनमधून मोटारसायकली आणि ट्रॅक्टर येतात, म्हणून ‘गाडीमुक्त’ म्हणजे शांत, ओस नव्हे. ऊसतोडीच्या दिवसांत पांदणीत उसाची गाडी आली की बाजूला व्हायला जागा नसते, आपणच मागे यायचं.

बेत आखायचा तर धालेगावच्या बंधाऱ्याकडे किंवा मुदगलच्या पात्रातल्या मुद्गलेश्वराच्या देवळाकडे जायचं ठेवा. लांबचं अंतर कॅनॉलने काटा, शेवटचे चार-पाच किलोमीटर गावात विचारत खाली उतरा, परत येताना डांबरी धरा. मागच्या मार्गशीर्षात एका फाट्यावर मी गवताचा भारा घेऊन निघालेल्या आजोबांना विचारलं, “मामा, ही पांदण गंगेला जाती का?” ते थांबले, भारा खाली ठेवला आणि म्हणाले, “जाती ना. पन फुडं वढ्याला पानी हाय, सायकल खांद्यावर घ्यावी लागंल. त्यापरीस दुसरी हाय, देवळामागून.” मी देवळामागून गेलो. वाट दीड किलोमीटर चिंचेच्या झाडांखालून गेली आणि थेट पात्राच्या वाळूत उतरली.