एटीव्हीचा टायर: इंच मोजावेत की हवा?

‘टायर मोठे टाका, मग गाडी कुठं अडते ते बघू!’ एटीव्ही, म्हणजे रस्ता नसलेल्या जागी चालणारी, हँडलची, बहुधा चारचाकी गाडी घेणाऱ्याला हा सल्ला फुकट मिळतो. यूट्यूबवर तर अशा व्हिडिओंचा पूर आहे. मूळचे २५ इंची टायर काढले, २८ इंची चढवले, गाडी गुरगुरत चिखलातून बाहेर आली, खाली टाळ्यांच्या इमोजींची रांग. व्हिडिओत न दिसणारी गोष्ट अशी की, टायर बदलताच त्याच गाडीची ओढ सुमारे ११ टक्क्यांनी घटलेली असते.

गणित शाळेतलंच आहे. इंजिन आणि गिअर मिळून चाकाच्या आसावर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, लावतात. गाडीला पुढे ढकलणारं बल म्हणजे हा टॉर्क भागिले चाकाची त्रिज्या. त्रिज्या वाढली की बल घटलं. २५ भागिले २८ म्हणजे ०.८९. स्पीडोमीटर ट्रान्समिशनवरून वेग मोजत असेल तर काटा ५० वर असताना गाडी ५६ ने पळत असते. बदल्यात पोटाखालची जागा तीन नव्हे, दीडच इंच वाढते, कारण आस टायरच्या मध्यावर असतो. गुरुत्वमध्यही तेवढाच वर जातो, म्हणजे आडव्या उतारावर कलंडायची भीती वाढली.

वजनाचं आणखी वेगळं. चाकाच्या कडेला असलेल्या प्रत्येक किलोला पुढेही न्यायचं असतं आणि गरगर फिरवायचंही असतं. त्यामुळे वेग घेताना तो जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो. हा सगळा भार शेवटी सीव्हीटी नावाच्या आपोआप गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या बेल्टवर येतो (आपल्या गिअरलेस स्कूटरला असतो तसलाच). बेल्ट घसरतो, तापतो आणि एक दिवस जळका वास येतो. मग दुकानदार क्लच किट विकतो.

टायरवरचे आकडे वाचायला सोपे आहेत. २५×८-१२ म्हणजे उंची २५ इंच, रुंदी ८ इंच, रिमचा व्यास १२ इंच. कामाच्या एटीव्हीला पुढे हा आणि मागे २५×१०-१२ अशी जोडी सर्रास दिसते. मधल्या आडव्या रेघेऐवजी ‘आर’ असेल तर टायर रेडियल, नाहीतर आपले पंक्चरवाले ज्याला नायलॉन टायर म्हणतात तो. (असे टायर आपल्याकडेही बनतात. बीकेटी ही मुंबईची कंपनी, आणि तिचा एक कारखाना वाळूजला आहे.) पण सगळ्यात महत्त्वाचा आकडा या मापात नसतोच. तो आहे आतल्या हवेचा दाब.

होंडाचे अभियंता ओसामू ताकेउची यांच्या यूएस ९० या तीनचाकी एटीव्हीचं सगळं मर्म हवेतच होतं. अमेरिकेतल्या विक्रेत्यांना हिवाळ्यात मोटारसायकली खपत नसताना विकायला काहीतरी हवं होतं. त्यातून १९७० मध्ये ही गाडी आली. तिला सस्पेन्शन नव्हतंच. ते काम गुबगुबीत, अगदी कमी हवेच्या टायरांनी केलं. आजच्या एटीव्हीतही साधारण पाच ते सात पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड दाब) हवा असते, मोटारीत तीसच्या आसपास.

पाच पीएसआय म्हणजे किती? टायर जमिनीला जेवढ्या दाबाने रेटतो तो ढोबळमानाने आतल्या हवेइतकाच असतो. गाडी आणि स्वार मिळून ४३० किलो धरले तर चार टायरांचे मिळून सुमारे १,२०० चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकतात, एकेकाचे ३०० च्या आसपास. एका पायावर भार देऊन चालणाऱ्या माणसाच्या तळव्याखालीही जवळपास एवढाच दाब असतो. म्हणून पुळणीवर एटीव्ही तुमच्या पावलाइतकीच रुतते, आणि हौसेने किनाऱ्यावर उतरवलेली मोटार बंपरपर्यंत बसते.

आता माझा आवडता भाग, कागद-पेन्सिल घ्या. मऊ जमिनीवर चाक सतत पुढची माती दाबून चर पाडत असतं, आणि इंजिनची बरीच शक्ती त्या चरात जाते. एक मीटर चर पाडायला लागणारं काम हे रुंदी, दाब आणि खोली यांच्या गुणाकाराच्या निम्मं असतं. खोली दाबाच्या प्रमाणात वाढते असं धरू. दाब म्हणजे वजन भागिले टेकलेल्या भागाचं क्षेत्रफळ, म्हणजे लांबी गुणिले रुंदी. हे सगळं एकत्र मांडलं की रुंदी एकदा कापली जाते आणि उरतं ते असं: अडथळा हा वजनाच्या वर्गाच्या समप्रमाणात, रुंदीच्या व्यस्त प्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. टेकलेला भाग दुप्पट रुंद केला तर अडथळा निम्मा, दुप्पट लांब केला तर चौथाई!

ही लांबी येते कुठून? वर्तुळाच्या जीवेच्या सूत्रातून. २५ इंची टायर अर्धा इंच दबला तर टेकलेला भाग सात इंच लांब होतो. २७ इंची टायर तेवढाच दबला तर सव्वासात. दोन इंच टायर वाढवून मिळाला तो पाव इंच! उलट २५ इंचीतलीच हवा कमी करून तो एक इंच दबू दिला तर लांबी पावणेदहा इंच. लांबीचा वर्ग घ्यायचा, म्हणजे चराचा अडथळा जवळजवळ निम्मा, आणि खर्च शून्य. प्रत्यक्षात टायरच्या भिंतींचा ताठरपणा आणि मातीचा हट्ट यांमुळे हिशोब इतका स्वच्छ बसत नाही, पण दिशा हीच. हे शास्त्र मूळचे पोलंडचे मिएचिस्वाव बेकर यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत पायावर उभं केलं. पुढे चंद्रावरच्या रोव्हरच्या चाकांमागेही तेच होते. त्या चाकांना हवा नव्हती, विणलेल्या तारेची लवचीक जाळी होती. माप ३२ इंच उंच आणि ९ इंच रुंद. वाळूसारख्या भुरभुरीत मातीतही उंचीला झुकतं माप दिलेलं दिसतं.

हवा फारच कमी केली तर टायरचं बीड (रिमला पकडणारी कड) रिमवरून सुटतं, दगडावर रिम वाकते आणि डांबरी रस्त्यावर टायर तापतो. पुस्तिकेतल्या किमान आकड्याखाली जाऊ नये.

कमी हवेच्या टायरची एक गंमत मोटारवाल्यांच्या ध्यानात येत नाही. अलिबागच्या किनाऱ्यावर पाच पीएसआय भरून एटीव्ही ट्रकवर घालून महाबळेश्वरला नेली, तर तापमान तेच असताना गेज सातच्या वर दाखवेल. टायरमधली हवा वाढली नाही, बाहेरची विरळ झाली. तिसावर दोन वाढले तर कोण विचारतो? पाचावर दोन म्हणजे चाळीस टक्के. मोटारीचं गेज या पट्ट्यात भरवशाचं नसतं. शून्य ते दहा किंवा पंधरा पीएसआयचं वेगळं घ्यावं. नायट्रोजन भरून ‘कामगिरी’ वाढवून देणाऱ्यांना मात्र एवढंच विचारावं की, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच असताना पैसे कशाचे? त्यापेक्षा हँडलला टांगलेलं लिंबू-मिरची स्वस्त पडतं, आणि कामही तेवढंच करतं.

तर निवड कशी करायची? वाळू असेल तर मागे रुंद टायर, उथळ दाते, हवा कमी. चिखलाचं मात्र वरच्या गणितात बसत नाही. पातळ चिखल आणि खाली टणक जमीन असेल तर तरंगून उपयोग नाही. उंच, अरुंद, खोल दात्यांचा टायर चिखल कापत तळ गाठतो आणि तिथे पकड घेतो. उंच टायर खरोखर कामाला येतो तो इथे आणि मोठ्या धोंड्यांवर. शेतातली आणि पायवाटेची कामं असतील तर कंपनीचंच माप ठेवावं. फार तर एक इंच वर. तेव्हाही हँडल पूर्ण वळवून, सस्पेन्शन पूर्ण दाबून टायर कुठे घासतो का ते पाहावं.

फोर बाय फोर गाडीत पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी गिअरने बांधलेली असतात, त्यामुळे दोन्हींच्या उंचीचं प्रमाण मूळचंच राहायला हवं. ते बिघडलं की एक जोडी दुसरीला फरफटत नेते. मऊ मातीत घसरण ते सांभाळून घेते, खडकावर मात्र भार गिअरबॉक्सवर येतो. छापील मापावर विसंबू नये, कारण दोन कंपन्यांच्या ‘२५’ मध्ये अर्ध्या इंचाचा फरक सहज निघतो. टायरवर खडूची खूण करावी, स्वार बसलेला असताना गाडी चाकाच्या एका पूर्ण फेऱ्याइतकी ढकलावी आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजावं, पुढचं वेगळं, मागचं वेगळं. जुन्या टायरांची ही दोन मापं ते काढण्याआधीच घेऊन ठेवावीत.