मोझार्टची पट्टी काळी एक?

मोझार्टच्या 'आवे वेरुम कॉर्पुस' या छोट्याशा समूहगानाचे, त्याच्या काळातील घडणीच्या वाद्यांसह केलेले एक ध्वनिमुद्रण मी गाण्यांची माहिती देणाऱ्या एका अ‍ॅपला ऐकवले. लय मिनिटाला १२० ठोके आणि पट्टी काळी एक, असे उत्तर आले. ऐकताना लय अगदी विलंबित वाटते आणि स्वरलिपीत पट्टी डी मेजर, म्हणजे पांढरी दोन आहे. ही तफावत कशी पडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

ही रचना मोझार्टने जून १७९१ मध्ये, मृत्यूच्या सहा महिने आधी, व्हिएन्नाजवळच्या बाडेन येथील गायकवृंदप्रमुख आंटोन श्टोल यांच्यासाठी लिहिली. तिचे बार, म्हणजे स्वरलिपीत उभ्या रेषांनी पाडलेले समान भाग, अवघे ४६. लयीसाठी त्याने फक्त 'अदाजो', म्हणजे संथ, एवढेच लिहिले. मेट्रोनोम या ठोके देणाऱ्या यंत्राचे पेटंट १८१५ चे असल्यामुळे आकडा लिहिण्याची सोयच नव्हती. प्रत्येक बारमध्ये चार पाव-स्वर धरले, तर एकूण १८४ होतात. गायन ३ मिनिटे ४ सेकंदांत संपले, तर सेकंदाला बरोबर एक पडतो, म्हणजे लय ६०. मात्र स्वरलिपीच्या सुरुवातीच्या तालखुणेप्रमाणे बारमध्ये दोनच ठोके मोजायचे असल्याने ती ३० होते आणि पाव-स्वराचेही दोन भाग मोजले, तर १२०. ठेका तोच ठेवून दुगुन मोजावी, तसा हा प्रकार आहे.

यंत्र ठोका शोधते कसे, हा यातला मला सर्वांत आवडणारा भाग. ध्वनीचे सुमारे २३ मिलिसेकंदांचे तुकडे करून प्रत्येकातील निरनिराळ्या कंप्रतांची ऊर्जा मोजली जाते आणि आधीच्या तुकड्यापेक्षा ती जेवढी वाढली असेल, तेवढ्याच वाढीची बेरीज करून आलेख काढला जातो. तबल्याच्या थापेला तिथे सुईसारखे टोक उमटते. मग तोच आलेख स्वतःवरच थोडाथोडा सरकवून टोकांवर टोके कधी बसतात, ते पाहतात. पण ती एका ठोक्याच्या अंतराला जशी बसतात, तशीच दोन ठोक्यांच्या अंतरालाही बसतात, आणि अशा वेळी अनेक पद्धती १२० च्या आसपासच्या आकड्याला झुकते माप देतात. समूहगानात तर मुळात टोकेच बोथट असतात. 'आवे'ची सुरुवात 'आ' या स्वराने होते, त्यामुळे आघात करणारे व्यंजनच नाही. वीस-तीस कंठ काही मिलिसेकंदांच्या फरकाने त्यात शिरतात, चर्चमधला घुमारा मागचा स्वर पुढच्यावर पसरवतो, आणि आवाजातील कंप खोटेच आघात भासवतो. आलेखात सुयांऐवजी टेकड्या उरतात.

पट्टीची चूक अधिक सरळ आहे. जुन्या घडणीच्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रणांत मध्यसप्तकातील ए (पांढरी सहा) हा स्वर बहुधा ४४० ऐवजी ४३० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांना लावतात. मग त्याच्या खालचा डी २९३.७ ऐवजी २८७ हर्ट्झवर येतो. काळी एक आणि पांढरी दोन यांच्यामधली सीमा २८५.३ वर असल्याने गायक किंचित उतरले, तरी यंत्र तो स्वर काळी एकच्या खान्यात टाकते. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: ४३२ हर्ट्झला लावलेले संगीत 'निसर्गाशी जुळते' आणि आजार बरे करते, या प्रचाराला कोणताही आधार नाही. सेकंद हे एकक माणसाने ठरवले आहे, आणि मोझार्टच्या काळी स्वराची उंची गावोगाव वेगळी असे.

यंत्राच्या उत्तरात जे येतच नाही, ते ऐकण्यासारखे आहे. डीला षड्ज मानले, तर सुरुवातीलाच सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच स्वरांत गाणारे गायक, पंचमावरून तीव्र मध्यमावर आणि तिथून शुद्ध मध्यमावर उतरतात. पट्टीबाहेरचा तो एक स्वर सारी ओळ आर्त करून टाकतो. पुढे 'कुयुस लातुस' या शब्दांवर तर सबंध गाणे एफ मेजरला, म्हणजे पांढरी चारला जाते आणि पुन्हा पांढरी दोनवर परतते. सर्व मिनिटांची एकत्र बेरीज करून एकच पट्टी सांगणाऱ्या अ‍ॅपच्या हिशेबात हा प्रवास उरतच नाही.