किशोर खेळाडूंचे बल व क्षमतावर्धन प्रशिक्षण

किशोर खेळाडूंचे बल व क्षमतावर्धन प्रशिक्षण : वाढीच्या वयातील खेळाडूंचे स्नायुबल, वेग, चपळता, दमसास आणि हालचालींवरील ताबा वाढावा, तसेच दुखापतींचे प्रमाण घटावे, या हेतूने मुख्य खेळाच्या सरावाला जोडून दिले जाणारे योजनाबद्ध शारीरिक प्रशिक्षण. व्यवहारात ‘स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग’ हीच संज्ञा अधिक रूढ आहे. स्वतःच्या शरीराच्या वजनाचे व्यायाम, डंबेल व बारबेल, मेडिसिन बॉल, रबरी पट्टे, उड्या आणि धावण्याचे विविध प्रकार ही त्याची साधने होत. वेटलिफ्टिंग आणि पॉवरलिफ्टिंग हे स्पर्धात्मक खेळ आहेत व शरीरसौष्ठवाचा हेतू निराळा आहे. या सर्वांना सरसकट ‘वजने उचलणे’ म्हटले गेल्यामुळे मुलांच्या प्रशिक्षणाविषयीचे अनेक गैरसमज दीर्घकाळ टिकून राहिले.

इतिहास : क्रमाक्रमाने भार वाढवीत नेण्याच्या तत्त्वाचा उगम बहुधा इ.स.पू. सहाव्या शतकातील क्रोटॉनचा ग्रीक मल्ल मायलो याच्या कथेशी जोडला जातो. मायलो एक वासरू रोज उचलत असे आणि पुढे त्याचा बैल झाल्यावर तोही त्याला उचलता येऊ लागला, अशी ही कथा आहे. तिचा निर्देश रोमन अध्यापक क्विंटिलियन याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात, म्हणजे मायलोनंतर सुमारे सहाशे वर्षांनी केला असून, तोही शाळेतील वक्तृत्वाच्या अभ्यासाचे उदाहरण म्हणून. त्यामुळे ही प्रत्यक्ष प्रशिक्षणपद्धतीची नोंद मानण्यापेक्षा नीतिपर आख्यायिका मानणे अधिक युक्त ठरते. मायलोचे यश मात्र चांगले नोंदलेले आहे. ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस याच्या वृत्तांतानुसार ऑलिंपियात त्याने कुस्तीची सहा विजेतेपदे मिळविली आणि त्यांपैकी एक कुमार गटातील होते. या पहिल्या विजयाचा काळ सामान्यतः इ.स.पू. ५४० च्या सुमारास धरतात.

कुमार गटाच्या स्पर्धा ऑलिंपियात परंपरेनुसार इ.स.पू. ६३२ मध्ये सुरू झाल्या. मुलांना किती राबवावे, हा वादही बहुधा तितकाच जुना असावा. ॲरिस्टॉटलने इ.स.पू. चौथ्या शतकात राज्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथात असे नोंदविले आहे, की कुमार आणि प्रौढ अशा दोन्ही गटांत जिंकलेले ऑलिंपिक विजेते दोन-तीनच सापडतील, कारण लहानपणीच्या सक्तीच्या कठोर व्यायामाने त्यांची ताकद खर्ची पडते. म्हणून वयात येईपर्यंत हलकेच व्यायाम द्यावेत, असे त्याचे मत होते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील ग्रीक लेखक फिलोस्ट्रेटस यानेही, मुले जणू प्रौढच आहेत असे समजून त्यांना राबविणाऱ्या प्रशिक्षकांना दोष दिला आहे. ॲरिस्टॉटलच्या निरीक्षणाचा आणखी एक अर्थ संभवतो. कुमार गटात जिंकणाऱ्यांमध्ये इतरांआधी वयात आलेल्या मुलांचा भरणा असला, तर पुढे बरोबरीचे स्पर्धक वाढीत त्यांना गाठतात आणि त्यांची आघाडी आपोआप सरते. त्यासाठी व्यायाम घातक ठरण्याची गरज नाही. उपलब्ध पुराव्यावरून या दोन स्पष्टीकरणांत निवाडा करता येत नसला, तरी आधुनिक वाढविज्ञानाशी दुसरे स्पष्टीकरण अधिक जुळते.

आधुनिक पद्धतीचा पाया अमेरिकी वैद्य टॉमस डेलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी घातला. त्यांचा महत्त्वाचा निबंध १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. एखादे वजन जास्तीत जास्त दहा वेळा उचलता येत असेल, तर त्या वजनाला प्रमाण मानून प्रगतीची आखणी करावी, ही त्यांची कल्पना आजही वापरात आहे. पूर्णवेळ बल-प्रशिक्षक हा व्यवसाय म्हणून पुढे आला तो त्यानंतर. नेब्रास्का विद्यापीठात १९६९ मध्ये नियुक्त झालेले बॉइड एप्ली यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये अमेरिकेत या प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

वाढ खुंटण्याचा वाद : वजने उचलल्याने मुलांची उंची खुंटते, ही समजूत नेमकी कोठून आली हे निर्विवाद सांगता येत नाही. तिच्या समर्थनार्थ बहुधा जपानमधील काटो व इशिको यांचा १९६४ मधील निबंध दाखविला जातो. दुर्गम भागातील, जड श्रम करणाऱ्या मुलांच्या हाडांची वाढ अडखळल्याचे निरीक्षण त्यात होते. परंतु दीर्घ तासांची अंगमेहनत आणि आठवड्यातून दोन-तीनदा देखरेखीखाली होणारा, विश्रांती व पुरेशा आहाराची जोड असलेला व्यायाम यांची तुलना रास्त नाही. श्रमिक मुलांच्या बाबतीत पोषणाचा प्रश्नही वेगळा काढता येत नाही. दुसरा आधार वैद्यकीय होता. लांब हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चेची वाढपट्टी भोवतालच्या हाडापेक्षा आणि अस्थिबंधांपेक्षा दुर्बल असते व तिला गंभीर इजा झाल्यास त्या हाडाची वाढ बिघडू शकते. अशा इजांची काही प्रकरणे १९७० व १९८० च्या दशकांत प्रसिद्ध झाली, तथापि त्यांपैकी बहुतेकांत चुकीचे तंत्र, देखरेखीचा अभाव किंवा एकदम कमाल वजन उचलण्याचा प्रयत्न आढळतो.

तिसरा आक्षेप निरुपयोगितेचा होता. वयात येण्यापूर्वी टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण अल्प असल्याने मुलांचे बल वाढणारच नाही, असे गृहीत धरले जात असे. व्रायन्स यांच्या १९७८ मधील अभ्यासात लहान मुलांच्या हातापायांचे बल फारसे वाढले नाही, त्यामुळे या मताला पुष्टी मिळाली; मात्र त्या कार्यक्रमातील व्यायामाचे प्रमाण मुळातच थोडे होते, अशी रास्त टीका पुढे झाली. रॅम्झी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या २० आठवड्यांच्या अभ्यासात मुलग्यांचे बल स्पष्टपणे वाढले, स्नायूंची जाडी (आडवा छेद) मात्र जवळपास तशीच राहिली. मज्जासंस्था अधिक प्रेरक एकके (एकेका चेतापेशीने चालविले जाणारे स्नायुतंतूंचे गट) कामाला लावते आणि स्नायूंमधील समन्वय सुधारतो, या दोहोंमुळे हे घडते असे आता मानले जाते. वयात आल्यानंतर स्नायूंचे आकारमान वाढण्याचीही त्यात भर पडते. नवख्या मुलांमध्ये ८ ते २० आठवड्यांत सुमारे ३० टक्के बलवृद्धी सामान्यपणे आढळते.

अधिकृत भूमिकाही त्याप्रमाणे बदलत गेल्या. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचे १९८३ चे निवेदन सावध होते. २००८ व २०२० मधील तिच्या निवेदनांनी तंत्रशुद्ध आणि देखरेखीखालील प्रशिक्षण सुरक्षित व लाभदायक ठरविले. २०१४ मधील आंतरराष्ट्रीय सहमती-निवेदनाचा सूरही हाच आहे. सुयोग्य प्रशिक्षणामुळे उंची खुंटते, असे नियंत्रित अभ्यासांतून दिसलेले नाही.

परिपक्वतेचे मापन : जन्मवर्षानुसार पाडलेल्या एकाच गटातील मुलांच्या जैविक वयात, म्हणजे शरीराच्या परिपक्वतेत, चार किंवा त्याहूनही अधिक वर्षांचा फरक असू शकतो. म्हणून मुलाने प्रशिक्षण कधी सुरू करावे यापेक्षा ते मूल वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याचा काळ मुलींत सरासरी १२ व्या आणि मुलग्यांत १४ व्या वर्षाच्या आसपास येतो. मनगट व हाताच्या क्ष-किरण चित्रावरून ठरविलेले अस्थिवय हे विश्वसनीय माप मानले जाते, पण त्यासाठी खर्च आणि प्रारण दोन्ही पत्करावे लागतात. टॅनर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लैंगिक विकासाच्या पायऱ्या तपासणे वैद्यकाबाहेर संकोचाचे होते आणि प्रशिक्षकांनी ते करूही नये.

यावर उपाय म्हणून मर्वल्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक समीकरण मांडले. वय, उंची, बैठी उंची, पायांची लांबी व वजन यांवरून मूल उंचीवाढीच्या शिखरवेगापासून, म्हणजे उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याच्या क्षणापासून, किती वर्षे अलीकडे किंवा पलीकडे आहे याचा अंदाज त्यातून मिळतो. पाय आधी लांबतात आणि धड मागाहून वाढते, या क्रमावर हे समीकरण उभे आहे. मापन सोपे वाटले, तरी काटेकोरपणा नसेल तर ते व्यर्थ जाते. मुलाला सपाट पेटीवर टेकवून, पाठ भिंतीला लावून बैठी उंची मोजतात आणि तीतून पेटीची उंची वजा करतात. ही वजाबाकी राहून गेल्यास उत्तर पार चुकते आणि मूल किंचित पोक काढून बसले तरी ते काही महिन्यांनी सरकते. दिवसभरात उंची सुमारे एक सेंटिमीटरने घटत असल्याने मोजणी दर तीन महिन्यांनी ठरावीक वेळी, शक्यतो सकाळी करणे इष्ट. सामान्य मुलांच्या बाबतीत हा अंदाज उपयोगी पडतो. फार लवकर किंवा फार उशिरा वयात येणाऱ्यांच्या बाबतीत तो सरासरीकडे झुकतो, म्हणजे ज्यांच्यासाठी तो सर्वाधिक हवा त्यांच्याच बाबतीत कमी पडतो. खॅमिस व रोश यांची १९९४ मधील पद्धत मुलाची उंची, वजन व आईवडिलांच्या सरासरी उंचीवरून प्रौढपणीच्या उंचीचा अंदाज बांधते आणि आजची उंची तिच्या किती टक्के आहे ते सांगते. परिपक्वतेनुसार गट पाडण्यासाठी अलीकडे तिचा वापर अधिक होताना दिसतो.

ठरावीक वयात ठरावीक गुण न वाढविल्यास संधी कायमची हुकते, हे ‘संधीच्या खिडक्यां’चे मत ईश्तवान बालयी यांच्या दीर्घकालीन खेळाडू-विकासाच्या प्रारूपामुळे जगभर पोहोचले. फोर्ड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या खिडक्यांना पुरेसा प्रायोगिक आधार नसल्याचे दाखविले. लॉइड व ऑलिव्हर यांच्या २०१२ च्या प्रारूपात बल, वेग, चपळता इत्यादी सर्व गुण बालपणापासून वाढविता येतात, केवळ भर बदलतो, अशी मांडणी आहे. तीच अधिक ग्राह्य वाटते.

पद्धती : सूचना समजून पाळण्याची कुवत हीच आरंभाची खरी अट होय, ती बहुतेक मुलांत सातव्या-आठव्या वर्षापर्यंत येते. आठवड्यातून दोन किंवा तीन सत्रे, मध्ये किमान एक दिवसाची विश्रांती, सुरुवातीला एक-दोन सेट व कमाल क्षमतेच्या ६० टक्क्यांपर्यंतचा भार, आणि तंत्र पक्के झाल्यावर ५ ते १० टक्क्यांची वाढ, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. प्रथम वजनाऐवजी लाकडी काठी देतात. कंबरेतून वाकण्याचा व्यायाम शिकविताना ही काठी पाठीवर उभी धरली जाते. ती डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. मूल पाठीतून वाकू लागले की काठी माकडहाडापासून सुटते आणि चूक त्याला स्वतःलाच कळते. सेटमधील पुढच्या आवृत्तीत तंत्र ढासळले, तर ठरलेला आकडा पुरा झालेला नसला तरी सेट तेथेच थांबवावा. कमाल वजनाची चाचणी तज्ज्ञांच्या उपस्थितीत सुरक्षित असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. तिचा रोजच्या सरावातील चढाओढीसाठी वापर मात्र सर्वथा टाळावा.

उडी मारून खाली उतरण्याच्या शिक्षणाला विशेष महत्त्व आहे. साधारण ३० सेंटिमीटर उंचीच्या पेटीवरून उतरताना गुडघे आत कलतात का, पाय सपाट आपटतात का आणि वजन दोन्ही पायांवर सारखे पडते का, हे प्रशिक्षक समोरून व बाजूने पाहतो. गुडघे आत कलण्याची सवय किशोरवयीन मुलींत अधिक दिसते, आणि गुडघ्यातील पुढच्या स्वस्तिकाकार अस्थिबंधाच्या इजाही समान खेळांत मुलींना मुलग्यांपेक्षा अधिक होतात. या दोहोंतील कार्यकारणसंबंध पूर्णपणे सिद्ध झालेला नसला, तरी बल, तोल व उतरण्याचे तंत्र यांवर भर देणाऱ्या वॉर्मअपने इजा घटतात, हे चांगले प्रस्थापित आहे. फुटबॉलमधील ७ ते १३ वर्षे वयाच्या मुलांसाठीच्या अशा एका कार्यक्रमाने एकूण इजा सुमारे निम्म्याने घटल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय चाचणीत आढळले.

इजा व अतिभार : अमेरिकेतील तातडीच्या उपचारकक्षांच्या नोंदींवरील २००९ च्या विश्लेषणात ८ ते १३ वर्षे वयोगटातील वजनांशी संबंधित इजांपैकी सुमारे दोन तृतीयांश हातापायाच्या पंजांना झालेल्या होत्या व त्यांचे कारण बहुधा वजन पडणे किंवा बोट चिमटणे हे होते. म्हणजे स्नायूंवरील ताणापेक्षा जागेची शिस्त आणि मोठ्यांची नजर यांचा प्रश्न अधिक मोठा होता. उंची झपाट्याने वाढत असताना मात्र सावधगिरी हवी. हाडे आधी लांबतात आणि त्यांतील खनिजांचा संचय सुमारे अर्ध्या ते एक वर्षाने शिखरावर पोहोचतो. मनगटाजवळील अस्थिभंग या काळात वाढतात, त्यामागे हे अंतर असावे. गुडघ्याखाली दुखविणारा ऑस्गुड–श्लॅटर विकार (१९०३ मध्ये वर्णिलेला) आणि टाचेचा सेव्हर विकार (१९१२) हेही कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांच्या) वाढत्या हाडावरील ओढीमुळे उद्भवतात. अशा वेळी प्रशिक्षण बंद न करता उड्या व धावणे कमी करून बलाचे हलके व्यायाम चालू ठेवणे ही प्रचलित पद्धत आहे.

एकाच खेळात लवकर जुंपलेल्या मुलांबाबत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले, की आठवड्यातील संघटित सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून अधिक झाल्यास अतिवापराच्या गंभीर इजांचा धोका वाढतो. बलप्रशिक्षणाचे तासही या हिशेबात धरावेत. शाळा, क्लब व खासगी प्रशिक्षक एकमेकांशी न बोलता आपापले वेळापत्रक लादतात, तेव्हा ही बेरीज कोणीच करीत नाही आणि तिचा भार मुलाला सोसावा लागतो. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप आवश्यक मानली जाते. शरीराच्या ऊर्जाखर्चाच्या मानाने आहार अपुरा पडल्यास पाळी थांबणे, हाडे ठिसूळ होणे व वाढ मंदावणे असे परिणाम होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या लक्षणसमूहाची व्याख्या केली आणि तो मुलग्यांतही आढळतो हे स्पष्ट केले.

प्रशिक्षण थांबविल्यास मिळविलेले बल काही आठवड्यांत ओसरू लागते. त्याच काळात नैसर्गिक वाढीने बल वाढत असल्यामुळे ही घट मुलांमध्ये चटकन लक्षात येत नाही, म्हणून अभ्यासांत प्रशिक्षण न घेणाऱ्या मुलांचा तुलनागट ठेवणे अपरिहार्य ठरते. मोसमात आठवड्यातून एखादे सत्र चालू ठेवल्याने ही घट बऱ्याच अंशी रोखता येते.