पार्श्वभूमी : थायलंडचा ‘रिटायरमेंट व्हिसा’ आणि आठ लाख बाटची अट

पन्नाशी ओलांडलेला परदेशी माणूस थायलंडमध्ये कायम राहायला आला की सगळे म्हणतात, त्याच्याकडे ‘रिटायरमेंट व्हिसा’ आहे. बहुतेकांच्या पासपोर्टवर असा व्हिसा नसतोच. आधी असतो नॉन-इमिग्रंट ‘ओ’ व्हिसा, ९० दिवसांचा. त्याच्या जोरावर देशातच मिळते ती वर्षभराची मुदतवाढ. व्हिसा सहसा थायलंडच्या दूतावासाकडून मिळतो, मुदतवाढ इमिग्रेशन कार्यालयातून. दरवर्षी १,९०० बाट (थाई चलन) भरून नव्याने मिळते ती ही मुदतवाढ. पैशांच्या ज्या अटींवर वाद झाले (बँकेत आठ लाख बाट किंवा महिना ६५ हजार उत्पन्न) त्या सगळ्या तिच्याच.

त्यात भर म्हणजे ‘ओ-ए’ नावाचा वेगळा व्हिसा. तो मायदेशातूनच काढून आणायचा आणि त्यासाठीची रक्कम मायदेशातल्या बँकेत असली तरी चालते. फरक एका अक्षराचा. ३१ ऑक्टोबर २०१९पासून ‘ओ-ए’वाल्यांना आरोग्यविमा सक्तीचा झाला तेव्हा त्या अक्षराची किंमत कळली. ‘ओ’वाले त्यातून सुटले. ‘ओ-ए’वर आलेल्याला पुढच्या मुदतवाढीलाही विमा दाखवावा लागला. सुरुवातीला विमाकवचाची अट रुग्णालयात दाखल होण्यासाठी ४ लाख आणि बाह्योपचारासाठी ४० हजार बाटची होती. नंतर ती ३० लाखांवर गेली. सत्तरी पार केलेल्या माणसाला असा विमा मिळणंच अवघड. वर्षानुवर्षं एकाच गावात राहिलेल्या लोकांना देशाबाहेर जाऊन पुन्हा ‘ओ’वर यायचा विचार करावा लागला, तो यामुळे.

इमिग्रेशनचा मूळ कायदा १९७९चा. रकमांच्या बाबतीत लक्षात ठेवायची तारीख २१ ऑक्टोबर १९९८. त्याआधी आलेल्या आणि खंड न पडता राहिलेल्या साठीपुढच्या माणसाला २ लाखांची ठेव किंवा महिना २० हजार बाट उत्पन्न पुरतं, ही जुनी सवलत नियमांत टिकून आहे. नंतरच्यांना ८ लाखांची ठेव, किंवा महिना ६५ हजारांचं उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाला ८ लाख. हे आकडे आजही तेच आहेत. बदलत गेलं ते पुरावा कशाला म्हणायचं, हे.

सगळ्यात मोठा बदल २०१८च्या शेवटी झाला. तोवर ६५ हजारांच्या उत्पन्नासाठी आपापल्या देशाच्या दूतावासाचं पत्र चालायचं. अमेरिकन माणूस दूतावासात जाऊन आपलं उत्पन्न शपथेवर सांगायचा, सही-शिक्का घ्यायचा. ब्रिटिश माणूस पेन्शनची कागदपत्रं दाखवून पत्र घ्यायचा. थाई बाजूचं म्हणणं पडलं की पत्रावरच्या रकमेची दूतावासाने खातरजमा केलेली असावी. दूतावासांचं उत्तर होतं की ते आम्हाला शक्य नाही. ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या तिघांनी पत्रं देणं थांबवलं.

खोटी शपथ घेणारे होते, हे नाकारता येत नाही. आपल्या देशात कोण कशावर जगतो हे तपासायचा हक्कही कुठल्याही देशाला आहेच. पण या निर्णयाचा भार पडला तो प्रामाणिक, मध्यम पेन्शनवर जगणाऱ्या माणसावर, आणि ब्रिटिशांची सूचना तर जेमतेम तीन महिने आधीची. पेन्शन आहे, पण एकरकमी शिल्लक नाही, अशाने ८ लाख आणायचे कुठून? दुसरी वाट होती ती दर महिन्याला परदेशातून किमान ६५ हजार बाट थाई खात्यात आणायची, बारा महिने सलग. एखाद्या महिन्यात विनिमयदर घसरून ६४ हजारच जमा झाले तर साखळी तिथे तुटते.

दराची गोष्ट किरकोळ नाही. २००६च्या सुमारास एका पाउंडाला ७० बाटच्या आसपास मिळायचे, म्हणजे ६५ हजारांना साडेनऊशे पाउंडही लागत नव्हते. २०१९मध्ये दर ४०पर्यंत उतरला आणि त्याच रकमेला सोळाशे पाउंड लागू लागले. शिवाय थायलंडमध्ये राहणाऱ्या ब्रिटिशाची सरकारी पेन्शन गोठलेली असते. फिलिपिन्समध्ये राहणाऱ्याची दरवर्षी वाढते, याची नाही. अट तीच राहिली आणि माणूस तिच्याखाली गेला.

ठेवीचा नियमही मार्च २०१९पासून कडक झाला. आधी मुदतवाढ मिळाली की ती रक्कम वर्षभर खर्चायला मोकळी असायची. आता अर्जाआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने पूर्ण ८ लाख खात्यात हवेत, आणि उरलेलं वर्ष शिल्लक ४ लाखांखाली जाता कामा नये. म्हणजे निम्मी रक्कम कायमची अडकली. आजारपणासाठी ठेवलेला पैसा आजारपणातच हात लावता न येण्यासारखा झाला. अर्जाच्या दिवशी सकाळी लोक बँकेत जातात, शिल्लकीचं पत्र घेतात, शंभर बाट भरतात किंवा काढतात आणि पासबुक छापून घेतात, म्हणजे शेवटच्या ओळीवर त्याच दिवसाची तारीख येते. ठरावीक दिवसांपुरती रक्कम खात्यात दाखवून देणाऱ्या एजंटांचा धंदा याच अटींवर चालतो.

नंतरच्या नव्या योजनांनी या वर्गाला फारसं काही दिलं नाही. २०२२चा दहा वर्षांचा दीर्घ मुदतीचा व्हिसा पेन्शनरांकडून वर्षाला ८० हजार डॉलर मागतो. त्याहून कमी, पण किमान ४० हजार असतील तर जोडीला गुंतवणूक. २०२४चा पाच वर्षांचा व्हिसा ५ लाख बाटवर मिळतो, पण तो मुख्यतः लांबून काम करणाऱ्यांसाठी आणि एका वेळी १८० दिवसांचाच.

१ जानेवारी २०२४पासून करखात्याचीही भर पडली. वर्षात १८० दिवस राहणारा थायलंडचा करनिवासी, म्हणजे करासाठी तिथला रहिवासी, ठरतो. आधी परदेशातलं उत्पन्न त्याच वर्षी देशात आणलं तरच कर लागायचा; आता केव्हाही आणलं तरी ते हिशेबात धरलं जातं. इमिग्रेशनसाठी दरमहा आणलेले ६५ हजार आता करखात्याच्याही हिशेबात येऊ शकतात. २०२४पूर्वी कमावलेली रक्कम यातून वगळली आहे, पण ती तेव्हाची आहे हे आपल्यालाच दाखवावं लागतं. त्यासाठी ३१ डिसेंबर २०२३ची शिल्लक दाखवणारं मायदेशातल्या खात्याचं स्टेटमेंट जपून ठेवलेलं असावं.