इंग्रजी शब्दांचे रशियन रूपांतर

इंग्रजी शब्द रशियन भाषेत मुख्यतः दोन वाटांनी आले आहेत. काही शब्दांचा उच्चार जपून ते तसेच उचलले गेले, तर काहींचे घटक सुटे करून त्यांचे स्वतंत्र भाषांतर करण्यात आले. गगनचुंबी इमारतीसाठीचा ‘नेबस्क्र्योब’ हा शब्द दुसऱ्या प्रकारचा असून ‘आकाश’ आणि ‘खरवडणे’ हे त्याचे दोन्ही घटक इंग्रजीतल्याच क्रमाने आले आहेत. रशियनमध्ये ‘ह’ हा ध्वनी नसल्याने जुन्या परिपाठात त्याजागी ‘ग’ येई (हॅम्लेटचा ‘गाम्लेत’). अलीकडे ‘ख’कडे कल दिसतो. इंग्रजी अनेकवचन एकवचन म्हणून रूढ झाल्याचीही उदाहरणे आहेत. ‘रेल्स’ म्हणजे एकच रूळ, आणि त्याचे अनेकवचन ‘रेल्सी’.

मोठ्या रेल्वे स्थानकासाठीच्या ‘वग्झाल’ या शब्दाची व्युत्पत्ती सर्वाधिक चर्चिली गेली आहे. इंग्लंडची रेल्वे पाहायला गेलेल्या रशियन शिष्टमंडळाने लंडनच्या वॉक्सहॉल स्टेशनवरील नावाची पाटी वाचून ते सर्वच स्थानकांचे सामान्यनाम समजले, अशी कथा सांगितली जाते. कालक्रम तिच्या विरुद्ध जातो. सेंट पीटर्सबर्ग ते झार्सकोए सेलो हा रशियातील पहिला सार्वजनिक लोहमार्ग १८३७ मध्ये सुरू झाला, तर वॉक्सहॉल स्टेशन १८४८ मध्ये. शिवाय हा शब्द रशियनमध्ये त्याआधीच रुळला होता. पुश्किनच्या १८१३ मधील एका कवितेत तो करमणुकीचे ठिकाण या अर्थाने येतो. त्यामुळे लंडनच्या वॉक्सहॉल उद्यानांवरून ‘संगीत व करमणुकीचे सभागृह’ हा अर्थ प्रथम आला, १८३८ मध्ये पाव्लोव्स्कपर्यंत वाढवलेल्या मार्गाच्या टोकाशी असे सभागृह असल्याने तो त्या स्थानकाला चिकटला आणि पुढे स्थानकवाचक झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थबदलाचे टप्पे मात्र काटेकोरपणे निश्चित करणे अवघड आहे.

कोकणच्या वाचकाला याच जातीची कथा परिचयाची आहे. बोंबलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ म्हणतात आणि हे नाव मुंबईहून निघणाऱ्या डाकगाडीतील सुक्या मासळीच्या वासावरून पडले, असे सांगतात. पण मुंबई–ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि ते नाव एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील इंग्रजी लेखनातच सापडते. तेव्हा रेल्वेशी जोडलेली ही व्युत्पत्तीही टिकत नाही. रशियनने या नावाचे शब्दशः भाषांतर करून ‘बम्बेइस्काया उत्का’ असे रूप घडवले. ‘उत्का’ म्हणजे बदक, आणि त्याच शब्दाला वृत्तपत्रातील खोटी बातमी असाही अर्थ आहे. जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर जोडीजोडीने सुकत घातलेले बोंबील ज्याने पाहिले आहेत, त्याला या भाषांतरात मूळ वस्तू किती हरवली आहे हे सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी इंग्रजी नावाऐवजी ‘बोंबील’ हाच शब्द रशियन लिपीत उतरवणे प्रस्तुत लेखकाला अधिक योग्य वाटते.

इंग्रजीशी मिळताजुळता दिसणारा प्रत्येक रशियन शब्द इंग्रजीमार्गेच आला असे मानता येत नाही. मुंगुसाचे इंग्रजी नाव बहुतेक कोशकार मराठीतून आल्याचे सांगतात. काही जण मात्र त्यामागे कन्नड–तेलुगू रूपे असल्याचे सुचवतात. रशियनमधील ‘मंगूस्त’च्या शेवटचा ‘त’ इंग्रजी रूपात नाही. तो फ्रेंच रूपात असल्याने हा शब्द फ्रेंचमार्गे आला असावा. उलट ‘द्झुंगली’ (जंगल) हा इंग्रजीवरून घेतलेला मानतात आणि तो रशियनमध्ये केवळ अनेकवचनी चालतो.

कोकणातील स्थलनामे मात्र इंग्रजीच्या कितीतरी आधी रशियन लेखनात उतरली. त्वेर येथील व्यापारी अफनासी निकितिन हा चौल बंदरात उतरला. हे साल पूर्वी १४६९च्या सुमाराचे मानत. नंतरच्या अभ्यासकांनी ते १४७१ कडे नेले आहे. परतीचा प्रवास त्याने दाभोळहून केला. ही दोन्ही नावे त्याने कानावर पडली तशी, ‘चिविल’ आणि ‘दाबिल’ यांच्या जवळपासच्या रूपांत, नोंदवली असून निरनिराळ्या हस्तलिखितांत त्यांत थोडा फरक आढळतो. चौललगत रेवदंडा येथे त्याचे स्मारक आहे.