सेमी-ऑटो शॉटगन घ्यायचीय? काउंटरवर यायच्या आधी हे वाचा

आमचं दुकान टेक्ससमधलं, छोटंसं, आणि गिऱ्हाइकांत मराठी मंडळी बरीच, तेच तेच प्रश्न दर शनिवारी येतात म्हणून एकदाचं लिहून काढलंय. पहिला प्रश्न ठरलेला, कुठली कंपनी घेऊ? त्यावर आमचा प्रश्न असा की वर्षभर तुम्ही नक्की मारणार काय? बहुतेकांचं गणित सारखंच असतं, १ सप्टेंबरला टेक्ससच्या उत्तर आणि मध्य झोनचा डव्ह (होला पक्षी) सीझन उघडला की दोन-तीन वीकेंड शेतावर, थंडीत जमलं तर बदकांची एखादी ट्रिप, आणि बाकी अख्खं वर्ष क्ले, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम. म्हणजे बंदूक क्लेच्या हिशोबानं घ्या आणि तीच शिकारीला न्या. शिकारीची हलकी बंदूक घेऊन स्पोर्टिंग क्लेची १०० टार्गेटं मारली की संध्याकाळी खांद्याला आयोडेक्स लागतंच.

आता आतली भानगड. सेमी-ऑटो म्हणजे बार उडाला की पुढचं काडतूस बंदूक स्वतःच भरते, आणि हे दोन तऱ्हांनी होतं. गॅसवाल्या बंदुकीत बार उडाला की नळीतला थोडा गॅस बारीक भोकांतून पिस्टनवर जातो आणि पिस्टन बोल्टला, म्हणजे काडतुसामागच्या सरकत्या भागाला, मागं ढकलतो, त्यामुळं धक्का एकदम न बसता जरा पसरून बसतो. रेमिंग्टन ११०० ही १९६३ पासूनची, बेरेटाची ए४०० पण ह्याच जातीची. तोटा एकच, पिस्टनवर काळी काजळी धरते, ती पुसायचा कंटाळा असेल तर घेऊ नका. दुसरी इनर्शियावाली, बेनेली त्यासाठी प्रसिद्ध. एसटीनं गचका मारला की उभा माणूस जागच्या जागी राहू बघतो ना, तसंच, बंदूक मागं येते, बोल्टचा जड भाग तिथंच राहतो, मधली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि मग उसळून काम करते. आत घाण कमी, वजन हलकं, चिखलात बदकांसाठी झकास, पण धक्का जास्त. आणि तिला मागं सरकायला मिळालं पाहिजे. एक गिऱ्हाईक नवीकोरी घेऊन आले, म्हणे सारखी अडकते, बघतो तर काडतुसं स्वस्तातली, हलकी, पाऊण औंस छऱ्यांची आणि बंदुकीवर हौसेनं किलोभर सामान लावलेलं! सामान काढलं, सव्वा औंसाला जरा कमी अशी काडतुसं दिली, सुरळीत चालली.

गेज (नळीची रुंदी, आकडा लहान तितकी नळी रुंद) १२च घ्या, चेंबर (काडतूस बसायची जागा) ३ इंची. साडेतीन इंचीचा मोह होतो, पण तुम्ही गीजच्या (रानहंसांच्या) मागं लागणार नसाल तर उगाच पैसे. बायको-मुलांसाठी २० गेज छान, फक्त घरात दोन्ही असतील तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. २० गेजचं काडतूस पिवळं असतं, ते चुकून १२ मधे टाकलं तर पुढं घसरून नळीत अडकतं, वरून कुणी १२चं भरून चाप ओढला की नळी फुटते. दोन्हीची काडतुसं एका खिशात कधीच नको.

नळी २८ इंच पुरते, सेमी-ऑटोची बॉडीच लांब असते म्हणून ती हातात ओव्हर-अंडरच्या (एकावर एक दोन नळ्यांच्या बंदुकीच्या) ३० सारखी वाटते. चोक म्हणजे छरे किती पसरतील ते ठरवणारं नळीच्या टोकाचं आकुंचन, त्याचं फार डोकं खाऊ नका, क्लेला आणि डव्हला इम्प्रूव्ह्ड सिलिंडर हा सैलसर चोक लावून ठेवा. बदकांना मात्र शिशाचे छरे चालत नाहीत, १९९१ पासून देशभर बंदी आहे, स्टील वापरायचं आणि त्याला मॉडिफाइडपेक्षा (मध्यम चोकपेक्षा) घट्ट चोक नको. डव्ह असो वा बदक, बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत, त्यासाठी मॅगझिनमधला प्लग (जादा काडतुसं अडवणारी दांडी) काढू नका.

पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे फिटिंग. दस्ता (खांद्याला टेकणारा भाग) कारखान्यातून साधारण सव्वाचौदा-साडेचौदा इंचाचा येतो, साडेपाच फुटी माणसाला तो लांब होतो आणि काखेत अडकतो. बंदूक रिकामी आहे हे आम्ही आणि तुम्ही दोघांनी बघायचं, मग डोळे मिटून खांद्याला लावायची आणि डोळे उघडायचे. नळीच्या टोकाचा मणी डोळ्यासमोर सरळ दिसला तर ठीक, डावीकडं किंवा खाली गेला तर शिम (पातळ चकती) टाकून दस्ता वळवून देतो.

कागदपत्रांचं स्पष्ट बोलतो. एच-वन-बी (नोकरी) किंवा एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ ठेवायला मनाई आहे, काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे वैध हंटिंग लायसन्स. मित्राच्या शब्दावर जाऊ नका, वकिलाला विचारून या, आम्ही वाट बघू. २ सप्टेंबर १९७१ किंवा नंतर जन्मलेल्यांना शिकारीला जायचं तर हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, आणि बदकांसाठी १६ वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना २५ डॉलरचा डक स्टॅम्प (फेडरल परवान्याचं तिकीट) वेगळा.

फिटिंगला येताना बदकांच्या सीझनला घालता ते जाड जॅकेट घेऊन या. टी-शर्टवर माप देऊन गेलेले डिसेंबरात परत येतात, म्हणतात दस्ता लांब झाला.